आधी मोजा, मग घाबरवा: दुधातल्या चरबीच्या थेंबांविषयी

"होमोजिनाइज्ड दुधाने रक्तवाहिन्या खराब होतात, हे खरं का?" आणि "मेंदूसाठी खास घटक असलेली पावडर बाळाला सुरू करू का?" हे दोन प्रश्न दवाखान्यात आळीपाळीने येत असतात. पहिला बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशातून आलेला असतो, दुसरा डब्यावरच्या मजकुरातून. वरवर पाहता दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्ही दावे एकाच जागेबद्दल आहेत. ती जागा म्हणजे दुधातल्या चरबीच्या सूक्ष्म थेंबाचा पृष्ठभाग. एक जण म्हणतो, यंत्राने तो पृष्ठभाग बिघडवला म्हणून दूध विष झाले. दुसरा म्हणतो, तोच पृष्ठभाग आम्ही डब्यात भरला म्हणून बाळ हुशार होईल.

माझे म्हणणे सरळ आहे. हा पृष्ठभाग मोजता येतो. त्याच्या नावाने भीती किंवा डबा विकायचा असेल, तर विकणाऱ्याने दोन गोष्टी दाखवाव्यात: थेंबावर नेमके काय आहे याचे मोजमाप, आणि त्यामुळे माणसाच्या तब्येतीत काय फरक पडला याचा पुरावा. या दोन्ही गोष्टी दाखवत नसेल, तर तुमच्या खिशाला हात घालायचा त्याला अधिकार नाही. हे का म्हणतो आहे, ते समजायला आधी थेंब समजून घेऊ.

थेंबावर असते तरी काय?

आमटीवर फोडणीचे तेल तरंगते, त्याचा तवंग दिसतो. दुधातही चरबी असते, पण ताज्या दुधावर असा तवंग येत नाही. कारण दुधातली चरबी कोट्यवधी बारीक थेंबांत विखुरलेली असते आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असते. एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे न मिसळणारे थेंब असे तरंगत राहिले की त्याला इमल्शन म्हणतात. दूध हे निसर्गातले सगळ्यात ओळखीचे इमल्शन.

गायीच्या दुधातल्या थेंबाचा सरासरी व्यास साधारण ३ ते ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग घेतला तर तसे तीन-चार. थेंबाच्या आत ट्रायग्लिसराइड ही साधी चरबी असते. बाहेरच्या आवरणात मात्र वेगळीच मंडळी असतात: फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि काही खास प्रथिने. फॉस्फोलिपिडच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते आणि शेपटी चरबीकडे, त्यामुळे तो बरोबर सीमेवर उभा राहतो. स्तनातील पेशीतून थेंब बाहेर पडताना पेशीच्या स्वतःच्या आवरणाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळून घेतो. म्हणून दुधाच्या थेंबावर असे एक नव्हे, तीन थर असतात. आईच्या दुधातही हीच रचना असते.

प्रमाणात पाहिले तर हे फॉस्फोलिपिड अगदी थोडे, दुधातल्या एकूण चरबीच्या साधारण अर्धा ते एक टक्का. पण पोटातली रसायने थेंबाला पहिल्यांदा भेटतात ती इथेच.

ताक घुसळताना तुम्ही नकळत हेच आवरण फोडता. आवरण फुटले की आतली चरबी एकमेकीला चिकटते आणि लोण्याचा गोळा वर येतो. फुटलेल्या आवरणाचा बराच भाग ताकात राहतो. लोणी कढवून तूप केले की उरलेसुरले आवरण प्रथिनांबरोबर बेरीत जाते. स्वच्छ, रवाळ तुपात ते जवळजवळ नसते. साय, लोणी, ताक, तूप या एकाच दुधाच्या चार रूपांत चरबी किती, हा एक प्रश्न झाला. ती कोणत्या वेष्टनात आहे, हा दुसरा.

आपण काय मोजतो, काय मोजत नाही

गावातल्या दूध संकलन केंद्रावर रोज एकच चर्चा असते, आज फॅट किती लागली. दर त्यावर ठरतो. १८९० च्या दशकात निकलाउस गर्बर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने बसवलेल्या पद्धतीत काचेच्या नळीत १० मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घेतात, त्यावर १०.७५ मिलि दूध आणि १ मिलि अमाइल अल्कोहोल घालतात आणि नळी यंत्रात गरगर फिरवतात. आम्ल प्रथिने आणि थेंबांची आवरणे जाळून टाकते, सुटी झालेली चरबी वर येते आणि नळीवरच्या खुणांवर टक्केवारी वाचता येते.

शेतकऱ्याला पैसे देण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण ती कशी चालते पाहा: किती चरबी हे कळण्यासाठी ती चरबी कशात गुंडाळली होती याची खूणच पुसून टाकावी लागते. पिशवीवरचा आकडाही तेवढेच सांगतो. टोन्ड दूध ३ टक्के, डबल टोन्ड १.५ टक्के, फुल क्रीम ६ टक्के. थेंबाच्या पृष्ठभागाविषयी तुमच्या हातात कुठलाच आकडा येत नाही. आणि जिथे आकडा नसतो, तिथे भीती आणि जाहिरात दोन्ही सुखाने राहतात.

होमोजिनायझेशन म्हणजे नेमके काय?

ऑगस्त गोलँ या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले. दूध प्रचंड दाबाने अतिशय अरुंद फटीतून दाबून काढायचे, की मोठे थेंब फुटून बारीक होतात. व्यास एक मायक्रॉनच्या खाली येतो. दुधात रसायन घालत नाहीत, काही काढूनही घेत नाहीत.

थेंब बारीक झाले की पृष्ठभाग मात्र भराभर वाढतो. हिशेब घरी करता येण्यासारखा आहे. २०० मिलि टोन्ड दुधात सुमारे ६ ग्रॅम चरबी असते. सगळे थेंब साडेतीन मायक्रॉनचे धरले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग साधारण ११ चौरस मीटर भरतो, म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. तेच थेंब अर्ध्या मायक्रॉनचे केले तर पृष्ठभाग सुमारे ७८ चौरस मीटर होतो, म्हणजे आठशे चाळीस चौरस फुटांचा फ्लॅट! एका ग्लासातल्या दुधात.

एका खोलीपुरते आणलेले जाजम सगळ्या फ्लॅटला पुरत नाही. मूळ आवरण तुकड्यातुकड्यांत राहते आणि उघड्या पडलेल्या जागेवर दुधातलीच प्रथिने, मुख्यतः केसीन, येऊन बसतात. होमोजिनाइज्ड दुधाचा पृष्ठभाग बदलतो, हे खरे आहे. हे मी लपवत नाही, आणि कोणीही लपवू नये.

साय जाड का धरत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. थेंब वर येण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. व्यास सातपट कमी झाला तर वेग जवळजवळ पन्नास पटींनी घटतो. थेंब वर यायलाच तयार नसतात, मग साय कुठून धरणार? "साय नाही म्हणजे दुधात भेसळ आहे" हा निष्कर्ष चुकीचा आहे. पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिले आहे का, एवढे आधी पाहा.

विषाची गोष्ट आली कुठून?

१९७० च्या दशकात कर्ट ऑस्टर या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञाने एक तर्क मांडला. दुधाच्या थेंबाच्या आवरणात झँथिन ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम असते. होमोजिनाइज केल्यावर थेंब इतके बारीक होतात की ते हे एन्झाइम घेऊन आतड्याच्या भिंतीतून थेट रक्तात शिरतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले प्लाझ्मालोजेन हे स्निग्ध द्रव्य नष्ट करतात आणि तिथून हृदयविकार सुरू होतो, असा तो तर्क.

तर्क मांडणे गैर नाही. विज्ञान असेच चालते. पण तर्क तपासावा लागतो, आणि हा तपासला गेला. १९८३ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन'मध्ये त्याची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध झाली. खाण्यातले हे एन्झाइम अशा प्रकारे शोषले जाते, हेच सिद्ध होत नव्हते. साखळीची पहिलीच कडी जुळत नव्हती. ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची आहे. तरीही तोच तर्क "डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत" अशा मथळ्याखाली आपल्या फोनवर नव्याने येतो. डॉक्टर सांगत आहेत, वाचा.

थेंब गिळल्यावर त्याचे काय होते, ते पाहा. जठरातले आम्ल आणि पेप्सिन पृष्ठभागावरची प्रथिने तोडायला लागतात. झँथिन ऑक्सिडेज हेही एक मोठे प्रथिनच आहे, त्याला वेगळी वागणूक मिळत नाही. जठरातले लायपेज हे एन्झाइम चरबी तोडायला सुरुवात करते. पुढे लहान आतड्यात पित्तातले क्षार पृष्ठभागावरून उरलेल्यांना बाजूला सारून स्वतः जागा घेतात, स्वादुपिंडाचे लायपेज थेंबावर बसते आणि आतल्या चरबीचे तुकडे करते. आतड्याच्या भिंतीतून आत जातात ते हे तुकडे, अखंड थेंब नव्हे. पलीकडे गेल्यावर पेशी त्यांची पुन्हा चरबी बनवते आणि स्वतःच्या फॉस्फोलिपिडचे व प्रथिनाचे नवे आवरण घालून ती लसिकेत पाठवते. यंत्राने दिलेला पृष्ठभाग रक्तापर्यंत पोहोचतच नाही.

शिवाय आपण दूध उकळतो. तर्कातल्या एन्झाइमवर तो आणखी एक घाव.

या भीतीचा खरा तोटा वेगळाच आहे. होमोजिनाइज्ड आणि पाश्चराइज्ड या दोन शब्दांची लोक गल्लत करतात. होमोजिनाइज करणे म्हणजे थेंब बारीक करणे. पाश्चराइज करणे म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून रोगजंतू मारणे. पहिल्याला घाबरून लोक "यंत्राचा हात न लागलेले, नैसर्गिक, कच्चे" दूध कितीतरी जास्त दराने घेतात आणि कधी कधी "उकळल्याने गुण जातात" हेही ऐकून तसेच पितात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो, जुलाबाचे जंतू येतात. न घडणाऱ्या आजाराला घाबरून खऱ्या आजाराला दार उघडायचे, असा हा व्यवहार आहे.

मग पृष्ठभागाला काहीच महत्त्व नाही?

आहे. म्हणूनच तो मोजून बोला, असा माझा आग्रह आहे.

स्वीडनमध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या ५७ प्रौढांचे दोन गट केले. दोन्ही गटांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाची चरबी दिली. एका गटाला ती मलईतून मिळाली, म्हणजे आवरणासकट. दुसऱ्याला बटर ऑइलमधून, म्हणजे जवळजवळ आवरणाशिवाय. बटर ऑइल हे आपल्या तुपाचे जवळचे नातलग. चरबी तेवढीच, गाय तीच. बटर ऑइलच्या गटात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सरासरीने दर डेसिलिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅमने वाढले. मलईच्या गटात जवळपास वाढलेच नाही.

याचा अर्थ "मलई खा, काही होत नाही" असा मुळीच नाही. गट लहान होते, काळ आठ आठवड्यांचा होता आणि मोजले ते कोलेस्टेरॉल, हृदयविकाराचे झटके नव्हेत. पण एवढे नक्की दिसते की फक्त ग्रॅम मोजून चरबीची सगळी गोष्ट संपत नाही. आहाराच्या तक्त्यात "फॅट: अमुक ग्रॅम" लिहून हात झटकणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनीही याची नोंद घ्यायला हवी.

हा पृष्ठभाग मोजतात कसा?

थेंबांचा आकार लेसर प्रकाशाने कळतो. बारीक थेंब प्रकाश एका प्रकारे विखुरतात, मोठे दुसऱ्या प्रकारे. आकार कळला की एकूण पृष्ठभागाचा हिशेब निघतो.

पृष्ठभागावर कोण बसले आहे, हे पाहायला फॉस्फोलिपिडमध्ये मिसळणारा चमकणारा रंग वापरतात आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहतात. फ्रान्समधील क्रिस्टेल लोपेझ यांच्या गटाने अशा प्रकारे दुधाच्या थेंबांची चित्रे घेतली. थेंबाभोवती रंगीत कडे दिसते आणि त्यात मधूनमधून काळे गोल डाग. हे डाग म्हणजे स्फिंगोमायलिनसारख्या घट्ट बसणाऱ्या रेणूंची बेटे असावीत, असा अर्थ लावला जातो. आवरण म्हणजे सपाट कागद नाही, त्यालाही स्वतःचा नकाशा आहे.

याहून बारकाईची पद्धत स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सिल्वी रोक यांच्या गटाने विकसित केली आहे. ती समजायला बाजार आणि पंगत आठवा. बाजारात माणसे वाटेल त्या दिशेला तोंड करून उभी असतात, पंगतीत सगळी एका दिशेला. द्रवाच्या आतले रेणू बाजारासारखे, पृष्ठभागावरचे पंगतीसारखे. विशिष्ट लेसर किरण सोडले की बाजारातल्या रेणूंचे प्रतिसाद एकमेकांना रद्द करतात, पंगतीतल्या रेणूंचा मात्र मिळून एक संकेत येतो. थेंब न फोडता, न जाळता, फक्त पृष्ठभागाची खबर मिळते. २०१५ मध्ये या गटाने नॅनो आकाराच्या तेलाच्या थेंबांवर फॉस्फोलिपिडचे रेणू किती दाटीने उभे आहेत, हे अशाच पद्धतीने तपासले. ते प्रयोगशाळेतले साधे, स्वच्छ थेंब होते. दूध त्याहून गुंतागुंतीचे आहे. पण "पृष्ठभाग कोण मोजणार?" ही सबब आता चालणार नाही.

डब्यातले आवरण

आता दुसरा प्रश्न. अलीकडे काही बेबी पावडरींत "दुधातील चरबीच्या थेंबांचे आवरण" हा घटक घालतात आणि त्याचे नाते मेंदूच्या वाढीशी जोडतात. दोन वर्षांखालील बाळांच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. तरी डबा, इंटरनेट आणि शेजारणीचा अनुभव मिळून पालकांपर्यंत निरोप बरोबर पोहोचतो.

माझा पहिला आक्षेप मोजमापाचा आहे. आईच्या दुधात हे आवरण साधारण चार मायक्रॉनच्या थेंबाभोवती, जागच्या जागी असते. नेहमीच्या पावडरीच्या दुधातले थेंब एक मायक्रॉनहून लहान असतात आणि त्यांच्यावर मुख्यतः दुधाची प्रथिने असतात. त्या मिश्रणात आवरणाचा घटक घातला म्हणून तो आपोआप थेंबाभोवती जाऊन बसेल, असे नाही. डब्यात असणे वेगळे, थेंबावर असणे वेगळे. सिमेंट आणि वाळू अंगणात आणून टाकली म्हणून भिंतीला गिलावा होत नाही. बाटलीतल्या थेंबावर आवरण किती बसले, हे मोजण्याची साधने आहेत. मग डब्यावर घटकाचे नाव मोठ्या अक्षरांत छापणारे हे मोजमाप का छापत नाहीत?

दुसरा आक्षेप पुराव्याचा. स्वीडनमध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चांगल्या प्रयोगात असा घटक घातलेल्या पावडरीवरच्या बाळांना एक वर्षाच्या वयात आकलनाच्या चाचणीत साध्या पावडरीवरच्या बाळांपेक्षा सुमारे चार गुण जास्त मिळाले. जाहिरात करणाऱ्याची गोष्ट इथे संपते, पण प्रयोगाची संपत नाही. एक, त्या पावडरीत उष्मांक आणि प्रथिनेही कमी केली होती. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या आवरणाला कसे देणार? दोन, हीच मुले साडेसहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा दोन्ही पावडरींच्या गटांत आकलनाचा फरक उरलेला नव्हता. हा घटक धोकादायक आहे असे मी म्हणत नाही. त्याच्या नावाने बुद्धी विकू नका, एवढेच म्हणतो.

यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते, तर ज्या आईला दूध कमी येते तिच्या मनातल्या अपराधीपणाची किंमत लावली जाते याची. महिन्याच्या पगारातून महागडा डबा घेणारे पालक दवाखान्यात येतात आणि "साधा डबा दिला तर बाळ मागे पडेल का?" असे विचारतात. त्यांच्या डोळ्यांतली भीती कोणी तरी ठरवून घातलेली आहे.

तुम्ही काय करावे?

होमोजिनाइज्ड दूध पिता येते. साय आणि लोणी हवे असेल तर होमोजिनाइज न केलेले दूध घ्या, पण ते चवीसाठी आणि लोण्यासाठी, हृदयरक्षणासाठी नव्हे. सुटे दूध नेहमी नीट उकळूनच वापरा. गायीच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मुलाला "होमोजिनाइज न केलेले चालेल" असे कोणी सांगितले, तर ऐकू नका.

एलडीएल वाढलेले असेल, तर तूप, लोणी आणि साय यांचे एकूण प्रमाण तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. ताकाला आवरणाचे मोठेपण चिकटवून त्यालाही औषध बनवू नका. ताक ताक म्हणून उत्तम आहे.

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. ते शक्य नसेल आणि पावडर द्यावी लागली, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने साधी पावडर द्या. पाणी उकळलेले, माप बरोबर आणि वाटी-चमचा स्वच्छ, या तीन गोष्टींनी बाळाचे जेवढे भले होते, तेवढे डब्यावरच्या सोनेरी अक्षरांनी होत नाही.

आणि पुढच्या वेळी कोणी दुधातल्या थेंबाचे नाव घेऊन घाबरवायला किंवा काही विकायला आले, तर शांतपणे तीन प्रश्न विचारा. थेंबावर काय आहे, हे तुम्ही कशाने मोजले? माणसांमध्ये काय फरक पडला, आणि तो किती वर्षे टिकला? हे सांगण्यात तुमचा फायदा काय? खरे बोलणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि उत्तर न देता कोणी "पाठवा सगळ्यांना" असे म्हणाले, तर तो संदेश तुमच्यापाशीच थांबवा.